७२० मिमीचा साधा विनाइल कटर: रेडियमच्या दुकानाला कितपत पुरतो?

जळगाव-धुळ्याकडे रेडियमचं दुकान टाकणाऱ्याला पहिलं मशीन म्हणून बहुधा हाच कटर सुचवला जातो: चिकट विनाइल फिल्ममधून अक्षरं कापणारा, ७२० मिमी रुंदीचा, स्टेपर मोटरचा (ठराविक पावलांनी फिरणारी मोटर), चिनी बनावटीचा. विकणाऱ्यागणिक नाव बदलतं, आतली यंत्रणा जवळपास तीच. २४ इंची रोल त्यात आरामात बसतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावूनच येतात, त्यामुळे नंबर प्लेटचं काम आटलं आहे. उरतात ट्रॅक्टर-पिकअपवरची नावं, केळीच्या ट्रकवरची मोठी अक्षरं आणि दुकानांच्या काचा. एवढ्या कामाला हे मशीन पुरतं आणि पैसेही वसूल करतं. मात्र ते जुळवून घ्यावं लागतं. ‘मशीन खराब आहे’ अशी तक्रार येते तेव्हा दोष बहुतेक वेळा ब्लेडच्या लांबीत, फाइलमध्ये किंवा अर्थिंगमध्ये निघतो.

स्टँड सपाट फरशीवर ठेवून लेव्हल बघा. खालच्या शाफ्टवर खरखरीत पट्टे असतात. वरचे पिंच रोलर, म्हणजे विनाइल दाबून धरणारी चाकं, बरोबर त्या पट्ट्यांवरच आले पाहिजेत आणि विनाइलच्या दोन्ही कडांपासून एक-दोन सेंटीमीटर आत हवेत. एक रोलर गुळगुळीत भागावर राहिला की रोल तिरका सरकलाच. लांब काम असेल तर तेवढं विनाइल आधीच रोलवरून उलगडून सैल सोडा. छोट्या मोटरला अख्खा रोल ओढायला लावला की शेवटची अक्षरं आखूड निघतात.

आता ब्लेड. सगळ्यात जास्त माल इथेच वाया जातो. साध्या विनाइलला ४५ अंशाचं ब्लेड लावा, प्रकाश परतवणाऱ्या जाड रिफ्लेक्टिव्हला ६० अंशाचं. साध्या विनाइलची फिल्म साधारण ८० मायक्रॉनची असते, म्हणजे ब्लेडचं टोक होल्डरबाहेर जेमतेम दिसेल इतकंच हवं. होल्डर हातात धरून तुकड्यावर रेघ ओढा: फिल्म कापली गेली पाहिजे आणि खालच्या कागदावर फक्त ओरखडा उमटला पाहिजे. कागद कापला गेला तर ब्लेड आत घ्या, प्रेशर नंतर बघा. ८० ते १०० ग्रॅम प्रेशरपासून सुरुवात करा. मोठ्या अक्षरांना २०० मिमी प्रति सेकंद वेग चालतो, बारीक कामाला १०० च्या खाली या.

मग टेस्ट कट म्हणून एक चौकोन आणि एक वर्तुळ कापा. चौकोनाचे कोपरे गोल झाले तर ब्लेड ऑफसेट (ब्लेडचं टोक होल्डरच्या मध्यापासून किती बाजूला आहे त्याचा आकडा) कमी आहे, कोपऱ्यांना शिंगं फुटली तर जास्त, ०.२५ मिमीच्या आसपास तो जमतो. वर्तुळाची दोन टोकं जुळत नसतील तर आधी होल्डर उघडून ब्लेड मोकळं फिरतं का ते पाहा. आत विनाइलचा कण अडकलेला असतो. रेघ तुटक कापली जात असेल तर ब्लेडखालची पांढरी कटिंग पट्टी तपासा. तिच्यात खाच पडली असेल तर पट्टीच बदलावी लागते, प्रेशर वाढवून खाच आणखी खोल होते.

मराठी अक्षरांना एक पायरी जास्त लागते आणि ती मशीनसोबतच्या कोणत्याही माहितीपत्रकात नसते. ‘कानबाई माता प्रसन्न’ टाइप करून तसंच कटिंगला पाठवलं तर प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर चढलेली असते आणि कटर त्या प्रत्येक जोडावर उभा काप मारतो. ‘मुक्ताई’मधला उकार म च्या काण्यातून कापला जातो. विडिंग करताना, म्हणजे नको असलेली फिल्म सोलून काढताना, मग शिरोरेघेचे तुकडे हातात येतात. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर कर्व्ह करा (अक्षरांचे आकार बनवा), सगळं निवडून वेल्ड करा (एकाच आकारात जोडा) आणि फक्त बाह्यरेषा दाखवणाऱ्या वायरफ्रेममध्ये एकदा डोळ्यांखालून घाला. शिरोरेघ एकसंध दिसली तरच पुढे जा. अनुस्वाराचा ठिपका ४ मिमीपेक्षा लहान असेल तर तो विडिंगमध्ये हमखास उचलला जातो. ठिपका थोडा मोठा करावा, वाचणाऱ्याला फरक कळत नाही.

कनेक्शन यूएसबीचं असलं तरी आत बहुधा सीएच३४० चिप असते, त्यामुळे संगणकाला तो कॉम पोर्ट (जुन्या पद्धतीचा सीरियल पोर्ट) दिसतो. ड्रायव्हर टाकल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टचा नंबर बघा आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच द्या. केबल संगणकाच्या दुसऱ्या यूएसबी खाचेत लावली की नंबर बदलतो आणि मशीन ‘मेलं’ असं वाटतं. सुरुवातीची अक्षरं नीट आणि पुढे वेड्यावाकड्या आडव्या रेघा, असं झालं तर फ्लो कंट्रोल, म्हणजे मशीन भरलं की संगणकाला थांबवणारी सेटिंग, तपासा. ते हार्डवेअरवर हवं, नाहीतर मशीनची मेमरी भरून वाहते. मधेच काम तुटत असेल तर अर्थिंग बघा. कोरड्या हवेत विनाइल सरकताना स्थिर वीज तयार होते, तिला जमिनीत जायला वाट हवी. कूलर आणि कटर एकाच बोर्डावर तर नकोतच.

कूलरचं आणखी एक. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की कूलर लावणं भागच आहे, पण त्याची ओली हवा रोलवर आली की मागचा कागद ओल धरतो, फुगतो आणि रोल भरकटतो. रोल प्लॅस्टिकच्या पिशवीत उभे ठेवा. या दिवसांत गोंदही मऊ पडतो, कापलेली फट पुन्हा चिकटते. म्हणून कटिंग झालं की लगेच विडिंग करा, तेही फिल्म जवळजवळ उलटी दुमडून, सावकाश. आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावर दुपारी स्टिकर लावू नका. पहिल्या स्पर्शातच तो पकडतो, सरळ करायला वेळ मिळत नाही.

जिथे मशीन खरंच कमी पडतं तेही सांगायला हवं. दोन मीटरच्या पुढे सलग कटिंगवर भरवसा नाही. बॅनर तुकड्यांत भागा. १५ मिमीपेक्षा कमी उंचीच्या देवनागरीत कोपरे बोथट येतात. छापील स्टिकरचं कंटूर कटिंग, म्हणजे चित्राच्या कडेने कापणं, लेझरच्या ठिपक्यावर हाताने जुळवावं लागतं, चार-दोन नगांना ठीक, शेकड्याच्या ऑर्डरला नाही. हेच रोजचं काम असेल तर रोलँड किंवा ग्राफटेकचं सर्वो मशीन (ज्याची मोटर आपली जागा स्वतः तपासत राहते) घ्या, किंमत कितीतरी पट असली तरी.

घेताना ४५ अंशाची पाच आणि ६० अंशाची दोन ब्लेडं, एक जादा होल्डर आणि एक कटिंग पट्टी सोबतच मागवा. तालुक्याच्या गावी या वस्तू सहज मिळत नाहीत आणि पोळ्याच्या आठवड्यात, ट्रॅक्टर दारात उभे असताना, कुरियरची वाट बघणं परवडत नाही.