'४० वॅट'च्या लेसर मशीनचा माझा अनुभव

खरी लबाडी सॅम्पलमध्ये होती. विक्रेत्याने टेबलावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या कीचेन मांडल्या होत्या. कडा काचेसारख्या चकचकीत, नावं पांढरीशुभ्र, धुराचा डाग कुठेच नाही. शेजारी कापण्या-कोरण्याचं लेसर मशीन, त्यावर '४० वॅट'चा ठसठशीत स्टिकर. "सगळं याच्यावरच केलंय, साहेब."

घरी तसंच अ‍ॅक्रिलिक मशीनखाली ठेवलं. निळा उजेड आरपार गेला, खालची फळी जळाली आणि अ‍ॅक्रिलिकवर ओरखडाही उठला नाही. फोन केला तर म्हणे स्पीड कमी करा. मग म्हणे फोकस नीट लावा. अहो, हे डायोड लेसर! त्याचा प्रकाश साधारण ४५० नॅनोमीटरचा, पारदर्शक अ‍ॅक्रिलिक तो शोषतच नाही. तशा कडा येतात सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेसर मशीनवर. त्याचा किरण १०.६ मायक्रॉनचा, तो अ‍ॅक्रिलिकमध्ये मुरतो आणि कड वितळून गुळगुळीत होते. म्हणजे सॅम्पल एका मशीनची आणि विक्री दुसऱ्याची.

आणि ते ४० वॅट? मशीन वीज किती खातं, त्याचा आकडा. लेसरची ताकद ५ वॅट, तीही माहितीपत्रकात मुंगीएवढ्या अक्षरांत, 'ऑप्टिकल' म्हणून. तेवढ्या ताकदीत ३ मिमी प्लाय कापायला फेऱ्यांवर फेऱ्या लागतात आणि कडा काळ्याठिक्कर पडतात. मास्किंग टेप लावली की वरची बाजू स्वच्छ राहते, कडेची काजळी मात्र बोटाला लागतेच. धूर उडवणारा हवेचा पंप? त्याचे पैसे वेगळे.

पैसे परत मागितल्यावर आधी "खोकं फोडलंत", मग "धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही." हे दुसरं ऐकून बरेच जण गप्प बसतात. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने "अ‍ॅक्रिलिक आरामात कापेल" असं लिहिलं होतं, ते मी जपून ठेवलंय. तक्रार चालू आहे.

मशीन बघायला जाताना अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आपला न्या. त्यावर चिकटलेल्या कागदावर पेनाने सही करा आणि तोच समोर कापायला लावा. बिलावर लेसरचा प्रकार आणि ऑप्टिकल वॅट लिहून घ्या. नुसतं 'लेसर मशीन, १ नग' असलेलं बिल घेऊ नका.