आमदारांचं पत्र की सेवा हक्काचं अपील? अडलेलं काम कुठे न्यावं

अधिवेशन संपलं की आमदारांचा कार्यअहवाल घरात येऊन पडतो. नवे कायदे, नव्या योजना, मतदारसंघात आणलेला निधी, भूमिपूजनांचे फोटो आणि शेवटच्या पानावर संपर्क कार्यालयाचा पत्ता. खाली ठरलेली ओळ: काहीही अडचण असो, हक्कानं या. हे आमंत्रण खोटं नसतं. पण उत्पन्नाचा दाखला अडला, फेरफार लांबला, गल्लीत दिवे नाहीत, दवाखान्याचं बिल आवाक्याबाहेर गेलं, या सगळ्यांवर एकच इलाज नाही. महाराष्ट्रात अशा कामासाठी निदान चार वाटा आहेत: आमदारांचं कार्यालय, सेवा हक्क कायदा, माहितीचा अधिकार आणि लोकशाही दिन. बरेच लोक सवयीनं पहिलीच धरतात.

आधी त्या अहवालातल्या ‘नव्या कायद्यां’विषयी. विधेयक मांडलं, मंजूर झालं आणि कायदा लागू झाला, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देऊ पाहणारं शक्ती विधेयक डिसेंबर 2021 मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, गाजावाजाही भरपूर झाला. पण राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि तो कायदा अमलात आलाच नाही. उलट 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावण्याचा बदल विधेयकातून नव्हे, शासनाच्या निर्णयातून आला, आणि शाळेपासून महसुली कागदांपर्यंत लगेच लागू झाला. म्हणून अहवालात एखादी घोषणा आवडली, तर राजपत्राची तारीख किंवा शासन निर्णयाचा क्रमांक विचारा. त्याशिवाय खिडकीवरचा कारकून तुमचं ऐकणार नाही, आणि त्याचं चुकतंही नाही.

आता मुख्य तुलना. आमदारांच्या पत्राला वजन असतं, पण मुदत नसते. सेवा हक्काच्या अर्जाला वजन नसतं, पण मुदत असते. निवड बहुतेक वेळा इथेच ठरते.

शिफारसपत्राची भाषा आपण सगळ्यांनी पाहिली आहे: ‘सदर अर्जाबाबत नियमानुसार उचित कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ यातला ‘नियमानुसार’ हा शब्द अधिकाऱ्याला मोकळा ठेवतो. त्यानं पत्र फायलीला लावलं आणि काहीच केलं नाही, तर त्या पत्राच्या जोरावर तुम्हाला कुठे अपील करता येत नाही. काम झालंच तर पीएच्या फोनमुळे होतं. त्यामुळे साहेबांच्या हातात कागद देऊन फोटो काढण्यापेक्षा पीएच्या टेबलावर तो नोंदवून घेतलेला बरा.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 चं तंत्र वेगळं आहे. अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली शासनानं जाहीर केलेल्या सेवेला ठरलेले दिवस, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी आणि त्याच्यावर दोन अपिलीय अधिकारी असतात. उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस. हा तक्ता कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. कधी तो कपाटामागे असतो, पण असतो. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. मुदत उलटली किंवा नकार आला, की 30 दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि तिसरं थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. रक्कम किरकोळ वाटेल, पण आपल्या नावानं दंडाचा आदेश निघणं कुठल्याही अधिकाऱ्याला नको असतं. पहिल्या अपिलाची सुनावणी लागली, की अडलेला दाखला अनेकदा त्याआधीच सापडतो.

या वाटेची मेख पोचपावतीत आहे. दिवस मोजायला सुरुवात होते ती सगळी कागदपत्रं जोडलेला अर्ज दाखल झाल्यावर. म्हणून ‘ठेवून जा, बघतो’ याला काहीही किंमत नाही. आपल्या प्रतीवर कार्यालयाचा गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही हवी. ऑनलाइन अर्ज असेल तर ‘आपले सरकार’वरचा अर्ज क्रमांक. सेतू केंद्रातून अर्ज केला असेल तर तो क्रमांक मागून घ्या, नुसती पैशांची पावती नको. आणि ही वाट फक्त अधिसूचित सेवांसाठी आहे. गटाराचं झाकण किंवा एसटीची बंद झालेली फेरी यासाठी हा कायदा पाहू नका.

माहितीचा अधिकार तिसरा. लोक त्याचा उपयोग धमकीसारखा करतात आणि मग निराश होतात, कारण या अर्जानं काम होत नाही, कागद मिळतो. ‘माझं काम का केलं नाही?’ असं विचारलं की ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असं छापील उत्तर येतं. त्याऐवजी असं लिहा: ‘दिनांक अमुक, अर्ज क्रमांक तमुक यावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत, तसेच अर्ज कोणत्या अधिकाऱ्याकडे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता, याच्या नोंदीची प्रत मिळावी.’ राज्याच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, त्यामुळे रामायण लिहू नका. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ; उत्तराची मुदत 30 दिवस. माहिती दडवली तर रोजी 250 रुपयांप्रमाणे 25,000 पर्यंत दंडाची तरतूद आहे, पण तिथवर पोचायला दुसरं अपील लागतं आणि राज्य माहिती आयोगाकडे त्याची तारीख यायला फार वेळ जातो. घाई असलेल्याची ही वाट नव्हे. भ्रष्टाचार, निधीचा खर्च, रस्त्याचं बिल यांचा माग काढायला मात्र हिच्यासारखी दुसरी नाही.

चौथी वाट लोकशाही दिनाची, म्हणजे अधिकाऱ्यांनी समोर बसून तक्रारी ऐकण्याच्या ठरलेल्या दिवसाची. थोडक्यात: जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याचा पहिला सोमवार, तालुक्याला तिसरा. जिल्ह्याला अर्ज पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात द्यावा लागतो. न्यायालयात असलेली, कर्मचाऱ्यांच्या नोकरीविषयक किंवा अपिलात चाललेली प्रकरणं घेत नाहीत. भूमी अभिलेख म्हणतं तहसीलकडे जा, तहसील म्हणतं भूमी अभिलेखकडे, असा चेंडू झाला असेल तर ही जागा उत्तम, कारण दोन्ही खात्यांचे अधिकारी एकाच खोलीत असतात.

मग आमदारांकडे जायचंच नाही का? जायचं, पण तिथे जिथे ते खरोखर काही हलवू शकतात. त्यांना वर्षाला 5 कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी मिळतो. तो सार्वजनिक कामांसाठी असतो, घरगुती कामांसाठी नाही. काम ते सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासनाची. वस्तीचा रस्ता, समाजमंदिर, अभ्यासिका हे सगळं इथलं. मोठा प्रश्न असेल, म्हणजे रखडलेली पाणीयोजना किंवा एखाद्या नियमामुळे अख्ख्या तालुक्याचे दाखले अडलेत, तर तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना मांडण्याचा हक्क फक्त सभागृहातल्या सदस्यांना आहे. मात्र अधिवेशनाच्या बऱ्याच आधी, आकडे आणि कागद घेऊन जा. अधिवेशन तोंडावर आल्यावर गेलात तर निवेदन स्वीकारतानाचा फोटो मिळेल, तेवढंच.

दुसरी जागा म्हणजे दवाखाना. धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. रात्री दहाला ‘त्या खाटा भरल्या’ असं सांगितलं, तर अपिलाची मुदत मोजायला वेळ कुणाकडे आहे? इथे आमदारांच्या कार्यालयातला आरोग्याचं काम पाहणारा कार्यकर्ता सगळ्या कायद्यांना भारी पडतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड तेवढं हाताशी ठेवा.

भाऊबंदकी, भाडेकरू, नवऱ्यानं न दिलेली पोटगी असले वाद मात्र यातल्या कुठल्याच वाटेचे नाहीत. आमदारांनी मध्यस्थी केली तरी उद्या समोरचा फिरला की तुम्ही पुन्हा तिथेच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अपंगांना उत्पन्न न पाहता मोफत वकील देतं, हेल्पलाइन 15100. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसतं.

दाखला अडलेल्यानं मला विचारलं तर मी क्रम असा सांगेन: आधी रीतसर अर्ज आणि पोचपावती. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पहिलं अपील. त्याच दिवशी आमदारांच्या कार्यालयात एका पानाचं पत्र, ज्यात मूळ अर्जाचा क्रमांक, मुदत संपल्याची तारीख आणि अपिलाचा क्रमांक असेल, आणि शिक्का असलेल्या पोचपावतीची झेरॉक्स जोडलेली असेल. असा कागद हातात असला की पीएला फोनवर ‘जरा बघा’ असं मोघम बोलावं लागत नाही. ‘पंधरा दिवस होऊन गेलेत, अपील दाखल आहे’ असं तो सांगू शकतो.