मॉलचा स्वतःचा ब्रँड: पाकीट आणि आतला माल

बेळगावात टिळकवाडीला राहते. पावसाळ्यापासून महिन्याच्या किराण्यात जमेल तिथे मॉलचाच ब्रँड घेतेय. स्वस्त पडतो हे खरंच, पण हात कुठे वळतो ते पाकीट ठरवतं असं माझं मत झालंय.

तूरडाळ पहिल्या महिन्यातच पास झाली. पाकीट साधं, पारदर्शक, एक पट्टी चिकटवलेली. आपल्याकडं गुलबर्ग्याची डाळ खाऊन वाढलेल्या माणसाला चुरा किती, तेल लावलंय का, हे नुसतं बघून कळतं. नामांकित कंपनीच्या पाकिटावर वरणाची वाटी आणि कोथिंबीर छापलेली, आतली डाळ मात्र घरी फोडल्यावरच दिसते! रवा, पोहे, शेंगदाण्याचंही तेच. दिसतंय ते घ्यावं.

चहात गणित फिरलं. पुडा काळा, वर सोनेरी अक्षरं, बघून वाटावं भारीतला माल. रंग उतरतो, कडकपणा नाही. दोन चमचे जास्त घालायचे तर वाचलं काय? चहा परत जुनाच.

बिस्किटांची गंमत वेगळी. पारले-जीचा पुडा पिवळा, म्हणून मॉलचा ग्लुकोजही पिवळाच. सासूबाईंचं शिक्षण मराठीत. इथं दुकानाच्या पाट्या कानडीत, पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत. त्या रंगावरूनच सामान ओळखतात. बुडवून खाल्लं आणि म्हणाल्या, "हा आपला नव्हे गं." त्यांच्यासारख्या गिऱ्हाईकाला चकवायलाच तो रंग निवडलाय, अशी मला दाट शंका आहे.

दराचं बघा. पाकिटावर आता एककाचा दर छापावा लागतो, पण किलोच्या आतल्या पुड्यावर तो ग्रॅमचा आणि किलोच्या वर किलोचा. एकावर ०.१८, शेजारच्यावर १७०, तेही मुंगीएवढ्या अक्षरात. हजारानं गुणायचं आणि मग ठरवायचं. पुडा फुगीर असला तरी वजन वाचाच. माझ्याकडं पाचशेचा समजून उचललेला एक चारशेचा निघाला.

मागची बाजूही वाचते हल्ली. माल बनवणारा बहुतेक वेळा दुसराच असतो, मॉल फक्त नाव लावतो. बनवणाऱ्याचं नाव बदललं की चवही बदलते, पुढचं चित्र तेच राहतं. लोणच्यात हे झालं, म्हणून लोणचं बंद.

कपड्याची पावडर, फिनेल, मीठ चालू आहे. तांदळाचा प्रश्न नाही, तो खानापूरहून माहेरचा येतो, पोत्यातून.