इंदूरचा ऑस्ट्रिया अभ्यासवर्ग: गणित चोख, इतिहास घाईत

रामबागेत रविवारी सकाळी भरणारा हा सहा बैठकांचा मराठी अभ्यासवर्ग एकाच देशावर आहे, १९४५ नंतरच्या ऑस्ट्रियावर. सुमारे ९० लाख वस्तीच्या या देशात २९ सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत कडव्या उजव्या फ्रीडम पार्टीचा पहिला नंबर आला. तिथवरची वाट मराठीतून, मूळ आकड्यांनिशी समजावण्याचं काम आयोजकांनी हाती घेतलं, याचं मनापासून कौतुक.

सगळ्यात सरस बैठक चौथी, जागावाटपाची. ज्याला जास्त मतं तो निवडून आला, एवढ्याच पद्धतीत आपण वाढलो, त्यामुळे हा भाग कागदावर सोडवल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. आधी ४ टक्क्यांच्या आतले पक्ष बाजूला काढायचे (एखाद्या प्रादेशिक मतदारसंघात थेट जागा मिळवलेला पक्ष मात्र राहतो). मग उरलेल्या प्रत्येकाच्या मतांना १, २, ३ असं भागत जायचं आणि आलेल्या आकड्यांतले सर्वांत मोठे १८३ निवडायचे, कारण सभागृहाच्या जागा तितक्याच. त्यात ज्याचे जितके आकडे, तितक्या त्याच्या जागा. खरी मोजणी ३९ प्रादेशिक मतदारसंघ, ९ राज्यं आणि मग सगळा देश अशा तीन पायऱ्यांनी होते. वर्गात थेट शेवटची पायरी घेतात, आणि नवख्यांसाठी तेच योग्य आहे.

हमखास चूक होते ती इथे: फ्रीडम पार्टीची २८.८५ टक्के मतं, म्हणून १८३ पैकी ५३ जागा असा हिशेब मांडला जातो. मिळाल्या ५७. कारण बाजूला काढलेल्या पक्षांची सहा टक्क्यांहून अधिक मतं हिशेबातूनच गळतात. बहुमताला ९२ लागतात. पुराणमतवादी पीपल्स पार्टीच्या ५१ आणि डावीकडच्या सोशल डेमोक्रॅटांच्या ४१ मिळून नेमक्या ९२. एक सदस्य गैरहजर राहिला तरी कायदा अडायचा, म्हणून १८ जागांच्या उदारमतवादी निओस पक्षाची गरज. जानेवारी २०२५ मध्ये या तिघांची बोलणी मोडली, फेब्रुवारीत फ्रीडम पार्टीच्या हर्बर्ट किकल यांचीही पीपल्स पार्टीशी फिसकटली, आणि ३ मार्चला पुन्हा याच तिघांचं सरकार आलं. हा सगळा घोळ या पाच-सहा आकड्यांवरून उलगडतो. २०२४ मध्ये इंदुरात नोटाला दोन लाखांवर मतं पडली होती. ऑस्ट्रियात कोरी मतपत्रिका सरळ बाद धरतात. ही तुलना वर्गात यायला हवी होती.

दुसरी बैठकही भक्कम आहे. १९४७ ते १९६६ या काळात पीपल्स पार्टी आणि सोशल डेमोक्रॅट यांनी मिळून राज्य केलं आणि सरकारी पदांपासून राष्ट्रीयीकृत कारखान्यांपर्यंत खुर्च्या ‘काळे’ (पीपल्स पार्टी) आणि ‘लाल’ (सोशल डेमोक्रॅट) अशा वाटून घेतल्या. युद्धानंतर देश सावरला तो या समझोत्यामुळे, आणि फ्रीडम पार्टीचे नेते योर्ग हायडर यांना पुढे आयता दारूगोळा मिळाला तोही इथूनच. १९८३ मध्ये जेमतेम ५ टक्क्यांवर असलेला त्यांचा पक्ष १९९९ मध्ये २६.९ टक्क्यांवर, पीपल्स पार्टीपेक्षा ४१५ मतांनी पुढे गेला. सत्तेत बसल्यावर २००२ मध्ये तो १० टक्क्यांवर घसरला, हेही वर्गात नीट दाखवतात.

उणीव तिसऱ्या बैठकीत आहे, आणि ती मोठी आहे. मित्रराष्ट्रांच्या १९४३ च्या मॉस्को जाहीरनाम्याने ऑस्ट्रियाला हिटलरचा पहिला बळी ठरवलं. त्याआड देशाने नाझींच्या गुन्ह्यांतला आपला वाटा कित्येक वर्षं झाकून ठेवला. १९८६ मध्ये अध्यक्षपदाचे उमेदवार कुर्ट वाल्डहाइम यांच्या युद्धकाळातल्या लष्करी नोकरीवरून वाद पेटला, आणि चान्सेलर (सरकारप्रमुख) व्रानित्स्की यांनी संसदेत ऑस्ट्रियनांची जबाबदारी मान्य करेपर्यंत १९९१ उजाडलं. एवढा विषय वर्गात दोन-चार वाक्यांत उरकतात. फ्रीडम पार्टीचे पहिले अध्यक्ष अंतोन राइनथालर हे नाझींच्या एसएस या निमलष्करी दलाचे अधिकारी होते, हे तर येतच नाही.

पाचव्या बैठकीतल्या २०१६ च्या अध्यक्षीय फेरमतदानाला थोडा वेळ कमी दिला तरी चालेल. तो वेळ क्रायस्कींना द्यावा. नाझींमुळे स्वीडनला पळून जावं लागलेले सोशल डेमोक्रॅट चान्सेलर ब्रुनो क्रायस्की यांनी १९७० मध्ये अल्पमताचं सरकार चालवलं ते याच फ्रीडम पार्टीच्या पाठिंब्यावर. बदल्यात छोट्या पक्षांना सोयीचा निवडणूक कायदा आला आणि सभागृह १६५ वरून १८३ जागांचं झालं. १९७१ मध्ये साडेपाच टक्के मतांवर फ्रीडम पार्टीला १० जागा मिळाल्या. चौथ्या बैठकीत १८३ चा आकडा फळ्यावर येतो, तो या सौद्यासकट यावा.