‘शून्य कमिशन’ म्हणे! ॲपवर जुन्या साड्या विकण्याआधी हे वाचा

मैत्रिणींनो, आधी आकडे बघा. पुतणीच्या लग्नात एकदाच नेसलेली माझी सेमी पैठणी ॲपवर ३,२०० रुपयांना गेली. खात्यात जमा झाले १,६०५ रुपये ४० पैसे. जाहिरातीत ठळक अक्षरांत ‘शून्य कमिशन’ होतं. ते ५०० रुपयांच्या आतल्या कपड्यांना, हे पैसे कापल्यावर कळलं.

कमिशन २० टक्के म्हणजे ६४०, त्यावर जीएसटी ११५.२०. पेमेंटचे ८०, त्यावर जीएसटी १४.४०. ‘तपासणी’चे १४९. प्रमोशनचे ३२०. कुरिअरचे २७६! साडी ९०० ग्रॅमसुद्धा भरत नाही हो. पण चुरगळू नये म्हणून ४० बाय ३० बाय १२ सेंटीमीटरच्या खोक्यात घातली. हे लोक लांबी-रुंदी-उंची गुणून ५,००० नं भागतात. आलं २.८८, लावलं ३ किलो. खोका वापरूच नका, साधी कुरिअरची पिशवी घ्या.

प्रमोशनचं मात्र अजून डोक्यात जातं. ‘विक्रीला लावा’ या बटणाच्या अगदी वर करड्या, बारीक अक्षरांत एक ओळ होती, बरोबरची खूण आधीच केलेली. शेजारी ‘अंदाजे मिळकत’ आणि नुसता बाण. तो बाण दाबला असता तर सगळी कापाकापी तिथंच उघडी पडली असती. बोट त्या ओळीवरूनच बटणावर गेलं माझं! पण मी पतसंस्थेत रोज हिशेब लिहिते, आकडे मला कळतात. आकडा लपवूनच ठेवला तर वाचायचा काय? बोहारीण तरी भांडं डोळ्यांदेखत हातात देते.

त्यात मुलीचा १,८०० चा घागरा ‘रंग वेगळा’ म्हणून परत आला. जातानाचे २७६, येतानाचे २७६, तपासणीचे १४९, असे ७०१ माझ्याच माथी. उरले ९०४.४०. अस्तरावर हळदीचा डाग, जो पाठवताना नव्हता. पॅक करताना आतून-बाहेरून व्हिडिओ काढाच.

पोलीस ठाण्यात गेले तर साहेब म्हणाले, “ताई, अटी तुम्हीच मान्य केल्यात. अर्ज ठेवून जावा.” पोच मागितली तर मिळाली नाही. ग्राहक हेल्पलाइनवर कळलं की मी ग्राहक नाही, विक्रेती आहे. घरातली एक साडी विकली म्हणून मी काय महाद्वार रोडवर दुकान थाटलंय? छुपे आकार शेवटी लावणं, न विचारता खूण करून पैसे काढणं, हे रोखायला ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रानं ‘डार्क पॅटर्न’ची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती वाचून दाखवली तरी पलीकडून तेच, “तुमचा प्रश्न आमच्याकडं येत नाही.” मग येतो कुणाकडं? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची, निकाल महिन्यात. मला यंत्रानं लिहिलेलं ‘आपला अनुभव महत्त्वाचा आहे’ एवढंच आलं.

पहिली वस्तू लावण्याआधी दरपत्रकाचा स्क्रीनशॉट घ्या, प्रत्येक खूण स्वतः काढा. आणि स्टेटमेंट त्याच दिवशी उतरवून ठेवा, कारण माझ्या खात्यात त्या पैठणीचं स्टेटमेंट आता दिसतच नाही.