बाग राखणारा मुलगा आणि मुंबईचा नोकरदार

रत्नागिरी-सिंधुदुर्गात तिशी ओलांडूनही लग्न न जुळलेल्या बागायतदार मुलापुढे बहुधा दोनच वाटा असतात: घरची हापूस आंब्याची कलमे स्वतः राखणे, किंवा ती कराराने देऊन मुंबईत नोकरी धरणे.

मुंबईची वाट स्थळांच्या दृष्टीने सोपी आहे, कारण दरमहा येणारा पगार मुलीच्या वडिलांना चटकन कळतो. मुलगा मुंबईजवळच्या दिवा या उपनगरात भाड्याच्या एका खोलीत राहतो, याकडे काणाडोळा होतो. मात्र कराराची रक्कम एकदाच हाती येते, आणि करारदाराने भरमसाट संजीवके (मोहोर वाढवणारी रसायने) वापरली तर झाडे थकतात.

बागेचा हिशेब समजावणे कठीण असते. मोहोरापासून तुडतुडे, फुलकिडे, फवारण्या आणि वानरांची राखण यांवर खर्च होतो, तर पैसा मुख्यतः मार्च ते मे या काळात येतो. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी अवकाळी पावसाने गळालेली कैरी त्यामुळे झाडाला परत लागत नाही. त्यात सातबारा सामाईक. आमच्या शेजारी आलेल्या पाहुण्यांनी चहाआधी तो मागितला आणि त्यावरची सतरा नावे मोजून कप तसाच खाली ठेवला.

तरीही स्वतः पेट्या विकणारा, काजू आणि कोकमाची जोड असलेला मुलगा मला अधिक भक्कम वाटतो. खरी अडचण शिकलेल्या मुलीची आहे: गावात तिच्या शिक्षणाला साजेसे काम कोठे आहे, आणि त्या सातबाऱ्यावर तिचे नाव कधी लागणार, हे बैठकीत कोणीच सांगत नाही.