लाकडी खेळणी करणाऱ्यांनो, ‘आयएसआय लायसन्स काढून देतो’ म्हणणाऱ्या फोनपासून जपा

मी सावंतवाडीजवळ राहते आणि घरच्या पडवीत स्क्रोल सॉ या लाकूड कापायच्या मशीनवर प्राण्यांची लाकडी कोडी कापते. हत्ती, गवा, कासव, खवले मांजर. जून २०२२ मध्ये एका माणसाने खेळण्यांचं आयएसआय लायसन्स काढून देतो असं सांगून माझ्याकडून २८,५०० रुपये घेतले. पैसे गेलेच, पण त्याहून जास्त मला हे लागलं की त्याच्यामुळे मी दोन महिने माझ्या मालावर खोटा शिक्का लावून तो लहान मुलांच्या आईबापांना विकत होते. असा फोन तुमच्यापैकी कुणालाही येऊ शकतो, म्हणून सगळं लिहिते आहे.

आधी कामाबद्दल थोडं सांगते. शिवणीची १८ मिलिमीटर जाडीची फळी घ्यायची, तिच्यावर हत्तीचा कागद चिकटवायचा आणि मशीनचं बारीक पातं त्या रेषेवरून फिरवायचं. पातं टेबलाशी अगदी काटकोनात लागतं. जरा तिरकं झालं तर तुकडे एकाच बाजूने निघतात, दुसऱ्या बाजूने अडतात. पावसाळ्यात आमच्याकडे लाकूड फुगतं. मे महिन्यात सैल वाटलेला हत्ती जुलैत असा आवळतो की मुलाला सोंड काढताच येत नाही. म्हणून सगळ्या कडा पुन्हा घासायच्या, वरून अळशीचं तेल आणि मेण. एका हत्तीला माझा अर्धा दिवस जातो. मी चिताऱ्यांच्या, म्हणजे सावंतवाडीत पिढ्यान्‌पिढ्या लाकडी खेळणी करणाऱ्यांच्या घरातली नाही. हे काम चाळिशीनंतर शिकले, आणि म्हणूनच कायद्याचं नाव निघालं की माझ्या पोटात गोळा यायचा.

फोनवरचा माणूस स्वच्छ मराठी बोलत होता. “ताई, तुमची खेळणी बघितली, फार सुंदर काम आहे. पण आयएसआय मार्क दिसत नाही कुठे. १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे, ठाऊक आहे ना? दोन लाख दंड आहे, कैदही होऊ शकते.” मी रात्री मोबाईलवर शोधलं आणि सगळं खरं निघालं. केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश २०२० चा आहे, तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. बीआयएस म्हणजे आयएसआय मार्क देणारी सरकारी संस्था, भारतीय मानक ब्यूरो; तिच्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी २ लाख दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद लिहिलेली आहे. माणूस खरं बोलतोय म्हटल्यावर माझा त्याच्यावर विश्वास बसला.

त्याने सांगितलं नाही ते असं: डिसेंबर २०२० मध्येच त्या आदेशात दुरुस्ती झाली आणि केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना यातून सूट मिळाली. ही एक ओळ मला त्या रात्री सापडली असती तर पुढचं काही घडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ‘फाइल फी’ म्हणून ३,५०० रुपये मागितले. आठवड्याने ‘लॅब टेस्टिंग’चे १६,०००, आणि नमुना म्हणून एक हत्ती कुरिअरने पाठवायला सांगितला. मी सगळ्यात चांगला निघालेला हत्ती वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवला. शेवटी ‘लायसन्स फी’चे ९,०००. तिन्ही वेळा पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या नावावर गेले. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “ताई, सरकारी खात्यात भरायला तुमचा लॉगिन लागतो, तो काढण्यात महिना जाईल. मी माझ्या लॉगिनने भरतो.” माझे यजमान तेव्हाच म्हणाले होते की एकदा कुणालातरी विचारूया. मीच घाई केली. गणपतीआधी पणजीच्या एका दुकानाला माल द्यायचा होता.

जुलैच्या शेवटी पीडीएफ आली. वर राजमुद्रा, खाली सीएम/एल लिहून लायसन्स नंबर, आणि सोबत चार पानांचा टेस्ट रिपोर्ट. प्रत्येक ओळीपुढे ‘पास’. मी तेवढंच बघितलं आणि देवापुढे ठेवलं. तो रिपोर्ट नंतर मी नीट वाचला. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं, ‘बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद आहे – पास’. शिवणीच्या लाकडाच्या हत्तीला बॅटरी! दुसऱ्याच कुठल्यातरी विजेवरच्या खेळण्याचा कागद उचलून माझं नाव घातलं होतं. तुमच्याकडे असा कागद आला तर पहिल्यांदा त्यात तुमची वस्तू कुठे आहे ते शोधा.

त्या नंबरासकट आयएसआयची २०० लेबलं मी छापून घेतली. ६४ लावली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पणजीच्या दुकानदाराचा फोन आला. त्यांच्या एका गिऱ्हाइकाने ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये लेबलवरचा नंबर टाकून बघितला होता. नंबर खरा होता, पण दुसऱ्या राज्यातल्या एका पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांच्या कारखान्याचा. दुकानदार चांगले गृहस्थ. म्हणाले, “ताई, तुम्ही असं करणार नाही हे मला माहीत आहे, पण माल आजच घेऊन जा.” मी एसटीने गेले. परत येताना मांडीवर पिशवी होती आणि बांद्यापर्यंत माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. ज्या कायद्याचा दंड चुकवायला मी पैसे भरले होते त्याच कायद्याखाली आता माझ्या हातून आणखी एक गुन्हा झाला होता, कारण परवान्याशिवाय तो मार्क वापरणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

दुकानातले २२ आणि घरातले १४ संच मिळून ३६ संचांची लेबलं मी काढली. तेलपाणी केलेल्या लाकडावर गोंदाचा चौकोन उमटला होता. तो पुन्हा पॉलिश पेपरने घासावा लागला आणि काही हत्तींचे पाय त्या नादात बारीक झाले. २८ संच विकले गेले होते. त्यातल्या ११ जणांचे नंबर माझ्याकडे होते, त्या सगळ्यांना फोन करून खरं सांगितलं. एकीने पैसे परत मागितले, मी दिले. बाकीच्या १७ जणांपर्यंत मी पोचू शकले नाही, आणि ते अजून टोचतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार दिली. पैसे गेल्याला तीन महिने झाले होते, समोरचं खातं रिकामं. असा फोन लगेच, त्याच दिवशी केला तर बँकेत पैसे अडवता येतात. बीआयएसच्या कार्यालयालाही झालेली चूक मी आपणहून लेखी कळवली. कारागिरांच्या सुटीबद्दल मला पहिल्यांदा तिथल्याच एका बाईंनी सांगितलं. खऱ्या लायसन्सची रीतही त्यांनीच समजावली: अर्ज त्यांच्या पोर्टलवर स्वतःच्या नावाने होतो, फी तिथेच भरायची, माल जिथे बनतो तिथे अधिकारी येऊन बघतो. माझ्या पडवीत कोण आलं होतं? कुणीच नाही.

चितारआळीतल्या एका म्हाताऱ्या काकांना विचारलं, तुम्हाला आला होता का असा फोन? ते म्हणाले, “माका कोणाचो फोन येवक नाय गो बाय. पण माझ्याकडे कारागिराचा कार्ड आसा.” तेच, म्हणजे हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाचं पहचान कार्ड, मग मीही काढलं. समोर बसून काम करून दाखवलं, कागद दिले, एक रुपया लागला नाही.

सूट मिळाली म्हणून मुलांच्या सुरक्षेतून सुटका झाली असं मी मानत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा कुठलाही तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये, नाहीतर तो घशात अडकू शकतो. माझ्या हत्तीची शेपटी सुटी होती आणि ती मावत होती. चार पानं ‘पास’ लिहिणाऱ्याने ते नळकांडं कधी पाहिलंही नसेल. आता शेपटी मागच्या पायाला जोडूनच कापते.

मागच्या महिन्यात कुडाळच्या एका मुलीचा फोन आला. ती लाकडी भोवरे आणि बाहुल्या विकते. तिलाही तसाच फोन आला होता, “ताई, फार सुंदर काम आहे” इथपासून. ‘फाइल फी’ आता ५,००० झाली आहे. मी तिला सांगितलं, त्याला एवढंच विचार की पैसे बीआयएसच्या पोर्टलवर माझ्या लॉगिनने भरले तर चालतील का. तिने विचारलं. त्याने फोन ठेवला, आणि नंतर तो नंबर लागला नाही.